जिवाणी

चिटगुप्प्याच्या घरी सासूबाई विहिरीचं पाणी दुपदरी कापडातून गाळायच्या. गाळून झालं की कापड पिळायच्या नाहीत. ते उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुवायच्या. ते धुवण म्हणजे जिवाणी. ती कडीच्या बादलीतून त्याच विहिरीत परत जायची. वरून ओतायची नाही. बादली पाण्याला टेकली की मगच उपडी करायची. "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात गेले पाहिजेत, बाई. दुसरीकडे ते जगत नाहीत." बी.ए. होऊन आलेल्या मला तो नुसता खटाटोप वाटायचा.

मध्यंतरी गावात दोन विद्यार्थी पाहणीचा अर्ज घेऊन आले. पाणी कुठून आणता, किती आणता, चुलीला काय जाळता. मुलं गुणी होती, चहा घेऊन गेली. मी विचारलं, "या माहितीचं पुढे काय?" म्हणाली, "प्रबंधात जाईल, काकू." तो प्रबंध आमच्या गावानं काही पाहिला नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली, २०३० ची मुदत घातली. त्यात विद्यापीठांनी काय करावं, यावर मोठमोठ्या परिषदा होतात. मला मात्र सासूबाईंची बादली आठवते.

आमचा जिल्हा विद्येला नवखा नाही. इराणातून आलेल्या महमूद गावाननं बीदरला १४७२ साली मदरसा उभारला; त्या काळचं ते विद्यापीठच. त्याच शतकातली नौबादची सुरंगबावीही इराणी पद्धतीची. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पाऊस त्यात मुरतो आणि खालच्या काळ्या पाषाणावर अडतो. हे ओळखून जमिनीखाली बोगदा खणला, उतारानं पाणी वस्तीकडे आणलं. विद्या दूरदेशची, पण इथल्या दगडाला विचारून वापरलेली. पुढे त्या बावीचे झरोके बुजले, लोकांना विसर पडला. अलीकडे केरळातल्या एका महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक गोविंदनकुट्टी यांनी तिचा माग काढला, नकाशा केला. गाळ उपसण्याचं कामही झालं. हा अभ्यास कपाटात राहिला नाही, त्याच बोगद्यात परत उतरला.

तुरीचंही तसंच. आमच्या भागात मर रोगानं उभी तूर वाळून जाते. रायचूर कृषी विद्यापीठाच्या कलबुर्गी केंद्रानं मर सोसणारं 'टीएस-३आर' हे वाण काढलं. शेतकऱ्याचं दुखणं प्रयोगशाळेत गेलं आणि बियाणं होऊन त्याच्या पाभरीत आलं.

आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगितली आहेत. विद्यापीठं गावासाठी काही करतात तेव्हा त्याला शास्त्रदान म्हणावंसं वाटतं. पण नीट पाहिलं तर जिवाणी हे दान नव्हे. दान आपल्या मालकीच्या वस्तूचं असतं. जिवाणी आपली नव्हतीच. पाणी घेताना तिच्यातले जीव सोबत आले, म्हणून ते परत करायचे. माहिती, बियाणं, मुलं, करातला पैसा, सगळं गावातून जातं. ते परत करणं हा उपकार कसा होईल? अपरिग्रह फक्त सोन्यानाण्यालाच लागू आहे का? साठवून ठेवलेलं ज्ञानही परिग्रहच की.

आता स्वतःकडे बोट दाखवायला हवं. मुलगा शिकायला बंगळूरूला निघाला तेव्हा मीच म्हणाले होते, "शीक आणि तिकडेच राहा, इथं काय ठेवलंय?" तो राहिला. विद्यापीठानं गावाकडे पाठ फिरवली असं म्हणताना हे वाक्य मला टोचतं. विहीर आटवायला आमचेही हात लागले आहेत.

म्हणून माझं मागणं लहान आहे. ज्या गावावर प्रबंध लिहिला, त्या गावात लिहिणाऱ्यानं एकदा परत यावं. कन्नड, मराठी, उर्दू, जी भाषा तिथं चालते तीत, ग्रामसभेत बसून, काय सापडलं ते सांगावं. लोक चुका काढतील, त्याही लिहून घ्याव्यात. त्याशिवाय पदवी देऊ नये. आणि वरून ओतू नये. बादली पाण्याला टेकू द्यावी.

यंदा मुलगा दिवाळीला येईल, तेव्हा त्याला आधी माझं ते जुनं वाक्य परत घेतलं म्हणून सांगणार आहे.