त्रैक्याची शिकवण आणि आपले तरुण

शास्त्रपाठ : मत्तय २८ : १६-२०, योहान १४ : ८-२०



पन्नासाव्या दिवसाच्या सणानंतर येणारा रविवार पुष्कळ मंडळ्यांत त्रैक्य रविवार म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उपासनेत पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा महिमा वर्णिला जातो. परंतु पुढे आठवड्याच्या बाजारी आपल्या तरुणास एखादा सोबती विचारतो, "तुम्ही देव एक म्हणता आणि नावे तीन घेता, हे कसे?" तरुण निरुत्तर होतो. तोच प्रश्न घेऊन तो उपदेशकाकडे येतो, आणि "हे गूढ आहे, यात शिरू नये," एवढेच उत्तर त्यास मिळाले, तर तो निमूटपणे घरी जातो. मग तो प्रश्न विचारण्याचे सोडतो, आणि काही काळाने उपासनेस येण्याचेही सोडतो. म्हणून हा विषय केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये.

पहिली गोष्ट ही की, प्रश्न करणे हे पाप नव्हे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. त्यानंतरही त्रैक्याविषयी त्यांच्या मनात गंभीर शंका होत्या, आणि त्या शंका त्यांनी तेथील भगिनींस पत्रांतून निर्भयपणे कळविल्या. त्याच रमाबाईंनी पुढे केडगाव येथे अनाथ व निराधार स्त्रियांची सेवा केली, आणि १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे कार्य चालविले. शंका विचारणारे मन देवापासून दूरच जाते असे नाही. तरुण विचारतो, याचा अर्थ तो अजून आपल्या दाराशी उभा आहे. त्यास आत घ्यावे.

दुसरी गोष्ट दृष्टांतांविषयी. उपदेशक पुष्कळदा बेलाचे त्रिदळ दाखवितात. पण त्यातील प्रत्येक दळ हा पानाचा एक भाग आहे. पिता मात्र देवाचा तिसरा हिस्सा नव्हे, पुत्रही नव्हे. शिवाय बेल पाहताच शेजाऱ्यास त्रिमूर्ती आठवते, आणि उत्पत्ती, पालन व संहार ही तीन कामे तीन देवांनी वाटून घेतली, असेच आपणही मानतो असा त्याचा समज होतो. दुसरे कोणी म्हणतात, एकच मनुष्य घरी बाप, शेतात धनी आणि चावडीत पाटील असतो, तसाच देव. हे ऐकण्यास सोपे आहे; परंतु तिसऱ्या शतकात सबेल्लियसाच्या नावाने जे मत प्रसिद्ध झाले व मंडळीने नाकारले, ते हेच. देव जर केवळ तीन वेष घेतो, तर गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली ती कोणाजवळ? मुलगा हे विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त असेल. दृष्टांत दिलाच, तर तो कोठे अपुरा पडतो हेही त्याच वेळी सांगावे.

मग शिकवावे कसे? आम्हांस वाटते, शिष्य ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने. ते यहूदी होते. देव एकच आहे, ही अनुवादाच्या ६ व्या अध्यायातील साक्ष ते बाळपणापासून म्हणत आले होते, आणि ती त्यांनी कधी सोडली नाही. पुढे ते येशूबरोबर चालले. त्याने पापांची क्षमा केली, वादळ शांत केले, तो मेलेल्यांतून उठला. आणि संशय घेणाऱ्या थोमाने त्यास आपला प्रभू व आपला देव म्हटले. नंतर पन्नासाव्या दिवशी आत्मा त्यांच्यावर आला, आणि भिऊन दारे लावून बसणारे लोक चौकात उभे राहून बोलू लागले. त्यांनी आधी सिद्धांत केला व मग विश्वास ठेवला असे नव्हे. एकाच देवाने तीन प्रकारे त्यांस गाठले असे नव्हे, तर पिता, पुत्र व आत्मा हे परस्परांवर प्रीती करणारे असून देव एकच आहे, असे त्यांच्या अनुभवास आले.

"त्रैक्य" हा शब्द पवित्र शास्त्रात नाही, हे तरुणापासून लपवू नये. मंडळीने तो शब्द शास्त्राची साक्ष राखण्याकरिता स्वीकारला. पुत्र हा निर्माण केलेला आहे असे आरियस शिकवू लागला, तेव्हा ३२५ साली निकिया येथे व ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे परिषदा भरल्या. अथनासियसाने या सत्याकरिता पाच वेळा हद्दपारी सोसली. एका शब्दाकरिता एवढे कष्ट का? कारण वधस्तंभावर जो मेला तो देवाचा केवळ दूत असेल, तर देव स्वतः आपल्याकडे आला नाही, त्याने दुसऱ्यास पाठविले एवढेच झाले. आणि देव अनादी काळापासून एकाकी असेल, तर सृष्टीपूर्वी त्याने प्रीती कोणावर केली? योहानाच्या १७ व्या अध्यायात याचे उत्तर आहे : जगाच्या स्थापनेपूर्वीही पित्याची प्रीती पुत्रावर होती.

उपदेशक बंधूंनो, एका बैठकीत सर्व सांगू नका. एके दिवशी लूक ३ : २१-२२ वाचा, आणि यार्देनेत कोण उभा आहे, वाणी कोणाची, उतरला कोण, हे मुलांकडूनच वदवून घ्या. दुसऱ्या दिवशी मत्तय २८ : १९ वाचा, आणि तेथे "नाव" हा शब्द एकवचनी आहे हे दाखवा. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच प्रार्थनेकडे वळा. अक्षरओळख नसलेली आजी पहाटे हात जोडते, तेव्हा ती पित्याला हाक मारते, येशूच्या नावाने मागते, आणि शब्द सुचेनासे झाले म्हणजे आत्मा तिला साहाय्य करतो. जे तिच्या ओठी आहे तेच परिषदांनी लिहून ठेवले.

आणि बाजारात विचारणाऱ्या सोबत्यास तरुणाने नम्रपणे इतके सांगावे : "आम्ही तीन देव मानीत नाही. ज्या एका देवाने आम्हांस निर्मिले, तोच पुत्राच्या ठायी आम्हांस तारण्यास आला, आणि तोच आत्म्याने आमच्यात राहतो. हे सर्व मला उलगडले आहे असे मी म्हणत नाही. पण मी ज्याची प्रार्थना करतो तो हाच." इतके बोलून त्याने वाद वाढवू नये, तर तसे जगावे. समुद्र ओंजळीत मावत नाही. तरी ओंजळीत जे येते ते समुद्राचेच पाणी असते.

पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका देवाची कृपा आपल्या तरुणांवर व त्यांस शिकविणाऱ्यांवर सदोदित राहो. आमेन.