एकट्याने

मराठीत 'एकट्याने' हा शब्द दोन प्रकारे उच्चारता येतो. "बिचाऱ्याने एकट्याने संसार ओढला" म्हणताना आवाज खाली येतो. "मी दिल्लीपर्यंत एकट्याने गेलो" म्हणताना छाती पुढे येते. 1983 च्या डिसेंबरात मी कर्जतहून मोटारसायकलवर दिल्लीला एकटा जाऊन आलो आणि त्यानंतर बरेच दिवस माझी छाती पुढेच होती. हिला शर्टाची दोन बटणं पुन्हा लावावी लागली.

मी बँकेतला कारकून. साठलेली रजा काढली आणि मुरबाडवरून शहापूर गाठून आग्रा रोड धरला. कसाऱ्याचा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर. चंबळचा पूल ओलांडताना गाडी आपोआप वेगात गेली. फूलनदेवीने त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत शरणागती पत्करली होती, हे मी पेपरात वाचलं होतं. पण तिथल्या बाकीच्या मंडळींनी ते वाचलं असेल, याची खात्री नव्हती.

दिल्लीत तीन दिवस मुक्काम केला. थंडी अशी, की छातीशी धरलेलं वर्तमानपत्र वाचण्यापेक्षा पांघरायला जास्त उपयोगी पडलं. इंडिया गेटपुढे गाडी उभी करून फोटो काढून घेतला. 1737 साली पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला आणि त्यानंतर थेट मीच, असा माझ्या हकिकतीचा एकूण सूर असे. मधले महादजी शिंदे वगैरे मी सोयीने गाळत असे. बाजीराव एकटा गेला नव्हता, हेही.

हकिकतीतून आणखी बरंच काही गळत असे. शिवपुरीच्या अलीकडे, भर दुपारी, आसपास चिटपाखरू नसताना गाडी पंक्चर झाली. एका सरदारजीने गाडीसकट मला ट्रकमध्ये घातलं आणि वीस-बावीस मैलांवर दुकानाशी उतरवलं. पैसे घेतले नाहीत. रात्री एका ढाबेवाल्याने स्वतःची खाट मला दिली आणि तो बाकड्यावर झोपला. पण मी सांगताना म्हणे, "शिवपुरीजवळ पंक्चर झालं. निघालं." काढलं कुणी, ते वाक्यात नाही. मराठी व्याकरणात अहंकाराची फार चांगली सोय आहे. आपण केलं की कर्ता ठणठणीत उभा राहतो. दुसऱ्याने केलं की ते आपोआप होतं.

संक्रांत आली. हिने माझ्या हातात तिळगुळाचा डबा आणि एक नवंकोरं लुगडं ठेवलं. "ठाकूरवाडीच्या आजींना देऊन या."

ही आजी म्हणजे आमच्याकडे भाजी, करवंदं, पावसाळ्यात रानातल्या शेवळा आणणारी म्हातारी. तिळगुळाचं समजलं. "पण लुगडं? भाजीवालीला?"

"द्या म्हणते ना."

वाडीच्या पायथ्याशी रस्ता संपला. दिल्ली पाहिलेली मोटारसायकल तिथेच थांबली. पुढची चढण पायी. निम्म्यात मला धाप लागली आणि डोक्यावर मोळी घेतलेली एक पोर माझ्याकडे करुणेने बघत वर निघून गेली. तिला कुणी हार घालणार नव्हतं.

आजीने कारवीच्या कुडाला टेकून मला पाणी दिलं. मी दम खाऊन दिल्लीची हकिकत काढली. तिने शांतपणे ऐकली.

"दिल्लीला काय काम व्हतं?"

"काम असं काही नाही."

"कुनी आजारी व्हतं?"

"नाही."

"मग घरात भांडलं व्हतंत?"

"छे हो! मुद्दाम गेलो. एकट्यानेच जायचं होतं."

"एकट्यानं?" म्हातारी बुचकळ्यात पडली. "घरात मानसं असून?"

पंधरा दिवसांत माझ्या प्रवासावर कुणी एवढा अवघड प्रश्न विचारला नव्हता.

मग तीच म्हणाली, "वयनी मात्र घाबरली नाय हां त्या राती."

कुठल्या राती?

मी दिल्लीच्या वाटेवर होतो तेव्हाची रात्र. बाजार उशिरा आटोपला म्हणून आजी आमच्या ओटीवर झोपली होती. मध्यरात्री माझ्या वडिलांचा दमा उसळला. हिने टांगा मिळवला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. पोरांजवळ आजी बसली. पहाटे वडिलांना उतार पडल्याचं कळल्यावर तिने पाटी उचलली आणि धुक्यातून ती वाडीला चालत आली. एकटी. ही हकिकत तिने कुणाला सांगितल्याचं मी ऐकलं नाही.

समोर घाटात गाडी चढत होती. बोरघाटाचा चढ म्हणजे सदतीस फुटांत एक फूट. कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं जोडतात आणि ती ढकलत गाडी वर नेतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. मी बँकेतला असल्यामुळे हा शब्द मला नेहमी घरचा वाटे. त्या दिवशी प्रथमच मनात आलं, की पुढच्या इंजिनाला मागचं दिसत नाही. घाट आपणच चढलो असं त्याला वाटत असेल तर त्यात त्याची लबाडी नाही. पण कुणी मागे वळून दाखवल्यावरही ते तसंच शिट्टी वाजवत राहिलं तर मात्र ती लबाडी.

एकट्याने जाऊ नये, असं मी म्हणत नाही. आता मुलं-मुली लडाखपर्यंत एकटी जातात, जावं त्यांनी. पण मुद्दाम एकटं होण्याची चैन ज्याच्या मागे माणसं आहेत त्यालाच परवडते. ज्याला खरोखर कुणी नाही, त्याच्या एकटेपणाला आपण साहस म्हणत नाही, नशीब म्हणतो. चढण तीच, मोळीही तीच. हौसेने उचलली की पराक्रम, पोटासाठी उचलली की कष्ट. हार मात्र पहिल्यालाच. हा न्याय कुणी ठरवला कोण जाणे. बहुधा ज्यांना हौस परवडते त्यांनीच.

घरी येऊन हिला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही त्या वेळी चंबळमध्ये असाल. तिथे काय फूलनदेवीच्या पत्त्यावर तार करायची? आणि आल्यापासून तुम्ही बोलायचे थांबलात कधी?"

"पण एवढं सगळं एकटीने केलंस?"

"एकटी कुठे होते?" ती म्हणाली. "आजी होती की."

तीन शब्दांत कर्ता जागेवर आला.

तेव्हापासून दिल्लीची हकिकत सांगताना मी सरदारजी, खाटवाला, टांगेवाला, आजी, सगळ्यांना त्यात घेतो. त्यामुळे ती फार लांबते. ग्वाल्हेर येईपर्यंत ऐकणारे घड्याळ बघू लागतात. दिल्लीला पोचतो तेव्हा समोर कुणीच नसतं.

तिथे मात्र मी खरोखर एकट्याने पोचतो.