मांजरांचं कुटुंबनियोजन

सरकारची २०२१ सालची खानेसुमारी लांबणीवर पडली, पण माझी कधी पडत नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीतल्या मांजरांची शिरगणती मी रोज सकाळी दूध आणायला खाली उतरते तेव्हाच उरकून घेते. जिन्याखाली तीन, पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर दोन, सेक्रेटरींच्या गाडीच्या टपावर एक (ही जागा वंशपरंपरेनं थोरल्या बोक्याची), आणि मासेवाली आलेली असेल तर तिच्या पाटीभोवती उरलेली सगळी. माणसांच्या खानेसुमारीत लोक वय चोरतात, मांजरं पोट चोरतात. सहाव्या आठवड्यापर्यंत मांजर नुसती सुखवस्तू दिसते आणि आपण "खाऊनपिऊन बरी झाली हो" म्हणून तिचं कौतुक करीत राहतो. पुढे तीन आठवड्यांनी जिन्याखालच्या तिनाचे आठ होतात.

माझी मांजरांची संस्था आहे असा पंचक्रोशीत समज आहे. संस्था म्हणजे मी, आमचे हे, कोपऱ्यावरच्या इमारतीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि दोन पिंजरे. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणं नाहीत. पण कीर्तीला पाय फुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर दर आठवड्याला दारात बुटांचं एक खोकं येतं. आत तीन-चार पिल्लं, एक फडकं आणि बिस्किटांचा पुडा. दारावरची घंटा वाजवून खोकं ठेवणारा धावत जिना उतरतो. त्याच्या मते त्यानं पिल्लं टाकलेली नसतात, 'योग्य ठिकाणी पोचवलेली' असतात. मांजराच्या दहा दिवसांच्या पिल्लाला बिस्किट कसं खायचं हे कळत नाही, एवढी एक बारीकशी गोष्ट सोडली तर त्या माणसानं सगळा विचार केलेला असतो.

एवढ्याशा पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. गायीचं दूध चालत नाही, त्यानं हगवण लागते. पाजून झालं की ओल्या कापसानं पुसपुसून शी-शू करवावी लागते, कारण पहिले तीनेक आठवडे ते त्यांना आपलं आपण साधत नाही. आई ते काम जिभेनं करते. माझी मुलं लहान असताना रात्री एकदाही न उठलेले आमचे हे आता पहाटे तीनचा गजर लावून उठतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला जबाबदारी कळते.

बँकेवरून आठवलं. एक जोडी आणि तिची प्रजा मिळून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं होतात, हा आकडा प्राणिमित्रांच्या पत्रकांतून पुष्कळ वर्षं फिरतो आहे. ह्यांनी तो कागदपेन्सिल घेऊन तपासला. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की वयात येते, नऊ आठवड्यांत विते, अंगावर पिल्लं पीत असतानाच पुन्हा पोटुशी राहू शकते. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे तर ह्यांनी मला चष्मा काढून, आवाज खाली आणून सांगितलं. सगळा हिशेब मांडून झाल्यावर म्हणाले, "चक्रवाढ व्याजाचं गणित म्हणून ठीक आहे. फक्त चक्रवाढ व्याजात मुद्दल मरत नाही."

इथे मात्र विनोद जरा बाजूला ठेवावा लागतो. चार लाख मांजरं कुठेच होत नाहीत. आमच्या सोसायटीत तर वर्षानुवर्षं वीस-बावीसच असतात, आणि ते काही त्यांच्या संयमामुळे नव्हे. उघड्यावर जन्मलेली बहुतेक पिल्लं वर्षाचीही होत नाहीत. रिक्षाचं चाक असतं, थंडीत गरम इंजिनाला बिलगून झोपायची सवय असते, परक्याची पिल्लं मारणारा बोका असतो. पॅनल्युकोपेनियाची साथ आली की आठवडाभरात जिन्याखालची अख्खी पाटी पुसली जाते. तेव्हा मांजरांची संख्या आटोक्यात ठेवावी की नाही, हा प्रश्नच नाही. ती आटोक्यात असतेच. ठेवणारा कोण, एवढंच ठरवायचं असतं: रिक्षा की आपण?

सोसायटीच्या सभेत हा विषय निघतो तेव्हा कोणीतरी हमखास सुचवतं की सगळी मांजरं पोत्यात घालून ऐरोलीच्या पुलापलीकडे सोडून यावीत. एक तर १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात ते बसणारं नाही. दुसरं म्हणजे, जागा रिकामी झाली आणि मासेवाली तीच राहिली, तर नवी मांजरं महिन्याभरात येतात. आणि तिसरं म्हणजे, ऐरोलीची मंडळी हाच ठराव उलट्या दिशेनं करीत नसतील कशावरून? मी हे बोलून दाखवलं तेव्हा सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय गळतीचा होता.

उरतो तो एकच उपाय: पकडायचं, ऑपरेशन करायचं, खूण म्हणून कानाचं टोक किंचित कापायचं आणि जिथून आणलं तिथेच नेऊन सोडायचं. सांगायला चार क्रियापदं, पण पहिल्यातच माणूस म्हातारा होतो. पिंजऱ्यात भाजलेला सुका बोंबील ठेवायचा, वर चादर घालायची आणि खांबामागे श्वास रोखून उभं राहायचं. मांजर येते, वास घेते, आपल्याकडे बघते आणि पिंजऱ्याच्या टपावर बसून अंग चाटायला लागते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न उंदरांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. त्यांनी तिला एकदा पिंजऱ्यात घालून बघावं!

आता पोटातलं सांगते. ह्या कामाला 'केसेस आणणं' म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की मला १९७६ साल आठवतं. मी चौदा वर्षांची होते. माझे वडील तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर होता, आणि वरून तोंडी सांगण्यात आलं होतं की मास्तरांनी नसबंदीच्या केसेस आणाव्यात. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते बारगळलं, पण त्या एका आर्थिक वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक माणसांवर ह्या शस्त्रक्रिया झाल्या. माझ्या वडलांनी एकही केस आणली नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. त्यांनी दोन आणल्या. पैकी एक शेतमजूर होता. पुढे तो बाजारात समोरून येताना दिसला की वडील रस्ता बदलायचे. त्यानं त्यांना कधी काही म्हटलं नाही. वडलांनी मात्र शेवटपर्यंत रस्ता बदलला.

त्या मास्तरांची मुलगी आज केसेस आणते. तेव्हा ट्रान्झिस्टरचं आमिष दाखवीत, माझ्याकडे बोंबील असतो. (बोंबलाला कुणी विचारलं, हा वेगळाच मुद्दा आहे. तो आमच्या शाकाहारी व्याह्यांनी एकदा काढला होता. महाभारतात गंगेकाठी तप करणारं एक मांजर आहे. ते उंदरांचा विश्वास संपादन करून त्यांनाच खातं, आणि असल्या ढोंगाला मनुस्मृतीत बैडालव्रत म्हटलं आहे. व्याह्यांना मी तो श्रीखंड वाढलं आणि विषय बदलला.)

माणसाची आणि मांजराची गोष्ट एक नाही, हे मलाही कळतं. माणसाला समजावून सांगता येतं, म्हणूनच त्याच्यावर सक्ती करणं पाप. मांजराला सांगता येत नाही. बरं, सांगता येत नाही म्हणून आपण तिच्या वतीनं ठरवायचं, हे म्हणताना आवाज जरा वरूनच आल्यासारखा वाटतो. दक्षिणेत श्रीवैष्णवांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, भक्तानं माकडाच्या पिल्लासारखं देवाला घट्ट धरून ठेवावं. दुसरा म्हणतो, मांजराच्या पिल्लासारखं निवांत लोंबकळावं, देव मानगूट धरून नेईल. मार्जारन्याय म्हणतात तो हा. मला हा दुसरा पंथ फार दिवस आवडायचा. पण आमच्या जिन्याखालची यमी जागा बदलताना पाचांतली चार पिल्लं उचलून नेते आणि पाचव्याकडे वळूनही बघत नाही. त्या पाचव्याचं तत्त्वज्ञान कुठल्या पंथाकडे आहे? माझ्याकडे तर ते बुटाच्या खोक्यातून येतं.

ही यमीच एकदा पिंजऱ्यात सापडली. तीन महिने तिनं आम्हाला झुलवलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पोट चाचपलं आणि हातमोजे न काढता मला बाहेर बोलावलं.

"काकू, पोटुशी आहे. चार-पाच आठवडे झाले असतील. करायचं का?"

डॉक्टर असा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना शास्त्र विचारायचं नसतं. ऑपरेशन करता येतं, त्या रोज करतात. त्यांना फक्त 'हो' म्हणणारं तोंड दुसऱ्या कुणाचं तरी हवं असतं, आणि त्याबद्दल मी त्यांना बोल लावणार नाही. माझ्या न्हाणीघरात तेव्हा दोन वेगवेगळ्या खोक्यांतली सात पिल्लं होती. त्यांतली दोन सकाळपासून दूध घेत नव्हती. यमीला परत नेऊन सोडली असती तर महिन्याभरानं आणखी पाच आली असती, आणि ती पुन्हा कधी पिंजऱ्यात आली असती याचा भरवसा नव्हता. एकदा सापडून सुटलेली मांजर बोंबलाला भुलत नाही. मी 'हो' म्हटलं. पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तेच म्हणेन. पण बाहेरच्या बाकावर बसून होते तेव्हा हिशेब जुळला तरी मनाला बरं वाटत नव्हतं, आणि वाटावं असंही मला वाटलं नाही. वडील रस्ता का बदलत, ते त्या बाकावर कळलं.

खरी पंचाईत पुढेच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. यमीला रोज संध्याकाळी दूधपोळी त्या घालतात. मोठ्या मांजरांनाही दूध सोसत नाही हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं आहे. त्या म्हणतात, "असेल, पण तिला ते माहीत नाही." मांजर मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते, यावर त्यांचा विश्वास आहे. मूलबाळ देणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन बंगालात मांजर मानतात, हेही मी नको त्या वेळी त्यांना सांगून ठेवलेलं. आठवड्यानं यमीला सोडली तेव्हा कापलेला कान आजींना आधी दिसला. पोटावरचे भादरलेले केस मग दिसले.

"भरलेली होती ना गं?"

"होती, आजी."

"मग तिला विचारलंस का?"

"नाही विचारलं."

आजींनी वाटी खाली ठेवली. यमी पोळीचे तुकडे बाजूला सारून नुसतं दूध पिऊ लागली. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या.

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आठ झाली. पाच राहिली."

एवढं बोलून त्यांनी यमीच्या कापलेल्या कानामागे खाजवलं आणि मला म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे वाटतं. हात दे जरा." वर जाईपर्यंत पुढे ह्या विषयावर आम्ही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पिंजऱ्यावर घालायला म्हणून त्यांची एक जुनी नऊवारी आमच्याकडे आली. चादरीपेक्षा ती बरी. अंधार नीट होतो आणि मांजर लवकर शांत होते.

आता पुढच्या मंगळवारी पंपाच्या खोलीवरच्या तिरंगीची पाळी आहे. काळा, पांढरा आणि तांबूस असे तिन्ही रंग अंगावर असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, त्यामुळे तिच्याबाबतीत चाचपणीचा प्रश्न नाही. तीही दूधपोळीच्या पंगतीला असते. भूल द्यायची म्हणजे आदल्या रात्री पोट रिकामं हवं, तेव्हा सोमवारी रात्री तिला काही घालू नका, असं मी आजींना दोनदा बजावून आले. त्या घालणार हे मला माहीत होतं, म्हणून जाताना वाटीच उचलून आणली.

"ने बाई," आजी म्हणाल्या. "तिनं सोमवार धरला म्हणायचा."