साच्यातला बाजूबंद

१५ ऑक्टोबर २०१४. गणपती झाले, देवी झाल्या, परळच्या कारखान्यात आता भिंतीला लावलेले साचे तेवढे उरले होते. त्याच दिवशी विधानसभेचं मतदान झालेलं. बापलेकाच्या बोटांवरची शाई ताजी होती. बाबा साचे पुसत होते. मुलगा कोपऱ्यात लॅपटॉपसमोर घामाघूम झाला होता.

मुलाचा धंदा वेबसाइटींचा. गिरगावातली खाणावळ, दादरचं पुस्तकांचं दुकान, लालबागचा मसालेवाला, परळचा क्लास अशी आठ गिऱ्हाइकं. प्रत्येकाचं डोमेन वेगळं, आतला कोड मात्र एकच, वेबसाइट चालवणाऱ्या ड्रुपल या सॉफ्टवेअरचा. पहिल्या साइटची कॉपी काढून दुसरी केली, दुसरीवरून तिसरी. अशा आठ कॉप्या झाल्या, आणि जाता-येता प्रत्येकीत त्यानं काही ना काही खुपसलेलं.

रात्री साडेनऊच्या सुमाराला बातमी आली. ड्रुपलच्या सातव्या आवृत्तीला असं भोक होतं की लॉगिन न करताही कुणी थेट डेटाबेसमध्ये हात घालावा. दुरुस्ती सोबतच आली होती, ७.३२ या आवृत्तीत. मूळ फरक जेमतेम एका ओळीचा. पण ती ओळ आठ ठिकाणी घालायची, आणि आठही ठिकाणं एकमेकांपासून थोडी थोडी वेगळी झालेली. पहाटे तीनपर्यंत सात साइटी उरकल्या. मग डोळे मिटले. मसालेवाल्याची राहिली, ती सकाळी आठला केली.

दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, ड्रुपलच्या सुरक्षा पथकानं बजावलं: पहिल्या सात तासांत जी साइट दुरुस्त झाली नाही, तिच्यात कुणीतरी शिरलंय असंच समजा. आपल्या घड्याळात ते सात तास पहाटे साडेचारला संपले होते.

मसालेवाल्याची साइट वरून अगदी धड दिसत होती. हाच जीवघेणा भाग होता. काही मोडलेलं दिसलं असतं तर ते जोडता आलं असतं. पंधरा तारखेच्या आधीचा बॅकअप काढून त्यानं ती नव्यानं उभी केली आणि मधल्या, ऐन दिवाळीच्या ऑर्डरी एकेक वाचून हातानं भरल्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मूर्ती एकच होती ना रे? मग आठ साचे कशाला केलेस?"

त्यानं सगळं मोडून एकच कोड ठेवला. ब्राउझर प्रत्येक वेळी कुठल्या नावाची साइट हवी ते सर्व्हरला सांगतोच. ते नाव बघून ड्रुपल त्या नावाचा फोल्डर उघडतं. आठ फोल्डर, त्यांत ज्याची त्याची सेटिंग, ज्याचे त्याचे फोटो, ज्याचं त्याचं रूप. डेटाबेसही वेगवेगळे. कोड मात्र सगळ्यांचा एक.

पुढच्या श्रावणात खाणावळवाल्यांचा फोन आला. सगळ्या पानांवर 'श्रावणात मांसाहार बंद' अशी पाटी हवी, आणि आजच हवी. घाईत त्यानं ती ओळ सामाईक कोडातच लिहिली. सकाळी मसालेवाला तापला होता. त्याच्या मालवणी मसाल्याच्या डोक्यावर तीच पाटी! पुस्तकांच्या दुकानावर, क्लासच्या निकालावरही तीच.

गणपती जवळ आलेले, बाबांचे हात शाडूनं भरलेले. त्यांनी कोपऱ्यातला एक जुना साचा ओढून पुढं ठेवला. दंडाच्या जागी खोल नक्षी कोरलेली होती.

"एका मंडळाला बाजूबंद हवा होता. वेळ नव्हता, मी साच्यातच कोरला. साच्यात खोल जातं ते मूर्तीवर उठून येतं. मग त्या वर्षी जी मूर्ती काढली तिच्या दंडावर बाजूबंद! एकेक हातानं खरवडत बसलो." त्यांनी साचा पालथा केला. "सगळ्यांचं असेल तेच साच्यात. एकाचा दागिना त्याच्याच मूर्तीवर, हातानं."

मुलानं ती ओळ काढली आणि खाणावळीच्या फोल्डरात नेऊन ठेवली.

मार्च २०१८. ड्रुपलनं या वेळी आठवडाभर आधी सावध केलं: अठ्ठावीस तारखेला मोठी दुरुस्ती येतेय, जागे राहा. आपल्याकडे वेळ पडत होती रात्री साडेअकरा ते एक. मुलगा जागा राहिला. ७.५८ आली, त्यानं ती आधी चाचणीच्या कॉपीवर चालवून पाहिली आणि मग खऱ्या कोडावर चढवली. कोड एकच, त्यामुळे काम एकदाच.

"झालं?" बाबांनी अंथरुणातूनच विचारलं.

"दुरुस्ती झाली. आता एकेक बघतो."

साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीसमोर बाबा डोळे आखायला वेगळे बसत, ते त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि सगळ्यात आधी मसालेवाल्याची साइट उघडली.