बसायचा डबा

दारणा धरण १९१६चं. तेव्हापासून काठचा दगड गळ टाकणाऱ्याला फुकट आहे. पण साठी उलटली की दगडावरून उठताना गुडघे बोलतात. म्हणून मी रंगाचा वीस लिटरचा जाड झाकणाचा रिकामा डबा नेतो. वर गोणपाटाची घडी, तळाला थोडं पाणी; वजनानं तो वाऱ्यात लोळत नाही. उतार असला तर खुरप्यानं जागा सपाट करायची, मग डुगडुगत नाही.

जुनी माणसं म्हणतात, जीव मारायला निघालास अन् बसायला गादी कशाला? मला ते पटत नाही. माझी कंबर दुखली म्हणून माशाचं मरण काही हलकं होत नाही. आपण त्रास सोसला की पाप फिटतं, हा हिशेब माणसाच्या सोयीचा. माशाला त्यात कोण विचारतं?

धोका आहे तो बसून राहण्यात. बूड सुखावलं की कालवणापुरतं मिळालं तरी माणूस हलत नाही. म्हणून मासे मी त्याच डब्यात टाकतो. दर माशाला उठावं लागतं, झाकण काढावं लागतं, आत किती झाले ते दिसतं. घरात खाणारी तोंडं चार. परत बसायचं का घरी जायचं, ते तिथंच ठरतं.