भिंग मोठे घ्यावे काय?

गेल्या जानेवारीतील गोष्ट. डभोईजवळच्या वढवाणा तळ्याच्या बांधावर आम्ही पहाटेपासून बसलो होतो. हे तळे बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले, आणि २०२१ साली रामसरच्या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत त्याचे नाव दाखल झाले. हिवाळ्यात तेथे पाहुण्या पक्ष्यांचा मेळा भरतो. हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात, चक्रवाकाच्या जोड्या येतात, बदकांची तर मोजदादच नसते. आमच्या कॅमेऱ्याला ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. निवृत्तीच्या वेळी मुलाने घेऊन दिलेली. तिने आजवर इमानाने काम केले.

त्या सकाळी एक तरुण शेजारी येऊन बसला. त्याची लेन्स १५०-६०० मिलिमीटरची, मुलांच्या पाण्याच्या बाटलीहून लांब व जाड. मुलगा मोठा सालस. "काका, हे बघा," म्हणून त्याने आपण होऊन कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. हंसाच्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे, चोचीवरून निथळणारा थेंब, डोळ्याची कड, सारे स्वच्छ. मग आम्ही आमचा फोटो पाहिला. त्यातही हंसच होता. पण तो हंस आहे हे आम्हांला आधीपासून ठाऊक होते म्हणून.

त्या दिवसापासून आमचे चित्त ठिकाणावर राहिले नाही.

रविवारच्या शाळेत दहावी आज्ञा आम्ही कित्येक वर्षे शिकवली आहे. शेजाऱ्याच्या ज्या वस्तूंचा लोभ धरू नये त्यांत घर आहे, बैल आहे, गाढव आहे. लेन्सचे नाव नाही, एवढ्यावर निसटता येईल असे क्षणभर वाटले. पण त्या यादीच्या शेवटी सगळेच आवरून घेणारे शब्द आहेत, हे वर्गातल्या मुलांनासुद्धा पाठ असते. असो.

आमचा बेत ऐकून मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "लाखभर रुपये पाखरांच्या फोटोंवर? त्यापेक्षा एखाद्या गरीब मुलाची फी भरा." हे उत्तर ऐकायला सोपे आणि द्यायला त्याहून सोपे. आम्ही ते मुकाट्याने ऐकून घेतले, पण मान्य केले नाही. लग्नातल्या मांडवाला व जेवणावळीला लाखांवर लाख जातात तेव्हा गरीब मुलाची आठवण कोणी काढत नाही. ती निघते ती शेजाऱ्याच्या हौसेच्या वेळी. शिवाय साधेपणाचाही एक तोरा असतो. 'आम्ही बुवा असले काही घेत नाही' असे चारचौघांत सांगण्यात जे सुख आहे, ते नवी लेन्स मिरवण्याच्या सुखाहून फारसे निराळे नाही. देवाने केलेले पाखरू नीट पाहावेसे वाटणे हे पाप आहे, असे आम्हांला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. तेव्हा खर्च करावा की नाही एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. ही लेन्स आम्हांला कशाला हवी आहे, ते आधी पाहिले पाहिजे.

त्यापूर्वी मोठे भिंग खरोखर काय देते ते समजून घेऊ. ६०० मिलिमीटरने पक्षी ३०० च्या दुप्पट उंच व दुप्पट रुंद दिसतो, म्हणजे फोटोत चौपट जागा व्यापतो. ३०० ने वीस मीटरवरून जेवढा पक्षी मिळेल, तेवढाच ६०० ने चाळीस मीटरवरून मिळेल. हा लाभ खराच आहे. पण त्यासाठी रुपयांखेरीज आणखीही किंमत मोजावी लागते. ६०० ला ६.३ ने भागले की ९५ येतात. म्हणून पुढची काच निदान ९५ मिलिमीटर रुंद ठेवावी लागते. आमच्या लेन्सला ३०० भागिले ५.६, म्हणजे ५४ पुरतात. अशी रुंद काच आली की वजन दोन किलोच्या आसपास जाते, आणि आमच्या वयाच्या माणसाचा खांदा ते किती वेळ पेलणार? इतके करूनही ६.३ वर प्रकाश ५.६ पेक्षा थोडा कमीच मिळतो. हात हलला तर ते हलणेही दुप्पट दिसते. जुने लोक हिशेब सांगत की ३०० ला सेकंदाचा तीनशेवा भाग, ६०० ला सहाशेवा. आता लेन्समध्येच थरथर आवरणारी यंत्रणा असते. पण ती आमचा हात आवरते, पक्ष्याचे पंख नव्हे. आणि ऊन चढले की पाण्यावरची व नांगरलेल्या रानावरची हवा तापून लहरू लागते. तेव्हा दूरच्या पक्ष्याचे चित्र कितीही महाग भिंगातून पुसटच येते, कारण भिंग त्या लहरीही मोठ्या करून दाखवते.

उलट बाजूनेही एक हिशेब आहे. आमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. ३०० ने काढलेल्या फोटोचा मधला चौथा भाग तेवढा कापून घेतला, तर ६ मेगापिक्सेल उरतात. तेवढ्यात वीतभर रुंद छपाई स्वच्छ निघते आणि मोबाइलच्या पडद्याला तर त्याहूनही कमी पुरते.

सालिम अली (१८९६-१९८७) यांचे आयुष्य दुर्बीण, वही व पायपीट यांवर गेले. त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात हिंडलेले सिंगापूरचे लोक वान थो (१९१५-१९६४) हे चित्रपट-व्यवसायातले मोठे धनिक. त्यांना पैशाची वाण नव्हती. तरी पक्ष्याजवळ जायचे तर त्यांनाही आडोसा उभारून त्यात तासन् तास बसावे लागे. यावरून लेन्स नको असे मात्र सिद्ध होत नाही. आजच्यासारखी लेन्स त्यांच्या काळी दुकानात मिळती, तर त्यांनी ती पहिल्या दिवशी घेतली असती याबद्दल आम्हांला शंका नाही.

आता आमच्या कारणांकडे वळू. मन एकदा एखाद्या वस्तूवर बसले की ते वकील होते. ते 'हवी' असे म्हणत नाही, 'गरज आहे' असे म्हणते, आणि गरजेचे पुरावे एकामागून एक हजर करते. आमच्या वकिलाचा पहिला पुरावा असा की मंडळीच्या कार्यक्रमांचे फोटो आम्हीच काढतो, तेव्हा लेन्स मंडळीच्याही उपयोगी पडेल. हा पुरावा घरातच निकालात निघाला. ६०० मिलिमीटरने बाप्तिस्म्याचा फोटो घ्यायचा तर आम्हांला मंदिराबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे लागेल! दुसरा पुरावा, पुढे किमती वाढतील. त्या वाढतीलही, पण न लागणाऱ्या वस्तूची किंमत वाढली तर आपले काय गेले? तिसरा, फोटो चांगले आले तर मुलांना पक्ष्यांची ओळख करून देता येईल. यावर आमच्या सौ. शांतपणे म्हणाल्या, "अहो, आधीचे किती दाखवलेत?" आम्ही संगणक उघडून पाहिले. अकरा हजारांवर फोटो साठले होते. त्यांतले दोनशेही आम्ही दुसऱ्यांदा उघडले नसतील, आणि मुलांना दाखवलेले तर बोटांवर मोजण्याइतकेच.

एक कारण मात्र खरे होते. तेच आम्ही कोणाला सांगितले नव्हते, कारण ते सांगायचे तर एक गोष्ट कबूल करावी लागत होती.

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात शहराबाहेरच्या एका खडकाळ माळावर आम्हांला टिटवीचे घरटे सापडले. घरटे कसले, जमिनीतला उथळ खळगा. त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागली. पुष्कळ घरांत तिचा आवाज अजूनही अशुभ मानतात. आम्ही असल्या गोष्टी मानत नाही. आम्हांला तिचा फोटो हवा होता, अंड्यांवर बसलेला. ३०० च्या लेन्सला पंधरा-वीस पावलांवर जाणे भाग होते, म्हणून आम्ही तेथेच एका बाभळीच्या सावलीत बसून राहिलो. ती खाली उतरे, दोन पावले येई, आम्हांला पाहून पुन्हा उडे. असा अर्धा तास गेला. वेळ सकाळी अकराची. शेवटी कंटाळून आम्ही उठलो.

पुढे वाचनात आले की उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे. कडक उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. उघड्या जमिनीवरचे ऊन अंड्यातल्या जिवाला थोड्या वेळातच असह्य होते. म्हणजे आम्ही स्वतः सावलीत बसलो होतो आणि त्या चार अंड्यांची सावली आम्ही अर्धा तास हिरावून घेतली होती. दहा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा खळगा रिकामा होता. पिल्ले निघून गेली, की मुंगूस-कोल्ह्याने अंडी नेली, की आणखी काही झाले, ते सांगायला तेथे काही उरले नव्हते.

म्हणून लांबचे भिंग. चाळीस मीटरवरून फोटो मिळाला तर वीसवर जाण्याचे कारणच राहत नाही. आमच्या सगळ्या पुराव्यांत हा एकच टिकण्यासारखा वाटला. लाखभर रुपये खर्चून आपण एका पाखराला वीस मीटर जास्त मोकळीक देऊ शकत असू, तर तो खर्च चैनीचा म्हणता येणार नाही. सौ.नाही हे पटले.

तरी आधी पाहावे म्हणून फेब्रुवारीत आम्ही तशीच एक लेन्स दोन दिवसांच्या भाड्याने आणली आणि पुन्हा वढवाण्यास गेलो. लेन्स उत्तम होती यात वाद नाही. बांधावर बसून काढलेल्या फोटोंत पीस न् पीस मोजता येत होते. दुसऱ्या दिवशी बाजूच्या शेतात पट्टकादंबांचा थवा चरताना दिसला. अंतर साठ-सत्तर मीटर. जुन्या लेन्सने आम्ही तेथे फोटो काढण्याचा विचारही केला नसता. या लेन्सने चार-पाच हंस छान चौकटीत बसत होते. मग वाटले, थोडे पुढे गेलो तर दोनच येतील. पुढे गेलो. मग वाटले, आणखी थोडे पुढे गेलो तर एकट्याची मान आणि डोके येईल. हंसांनी चरणे थांबवून माना वर केल्या. ही पहिली सूचना आहे हे आम्हांला ठाऊक होते. शाळेतल्या मुलांना आम्ही स्वतः ते शिकवले आहे. तरी आम्ही आणखी सात-आठ पावले टाकली, आणि सगळा थवा उठला. मार्चमध्ये ज्यांना हिमालय ओलांडून परत जायचे आहे, त्यांना अंगावर चरबी साठवण्याचे हेच दिवस असतात.

उभे होतो तेथून हंस चरत होते ती जागा आम्ही पावलांनी मोजली. बावीस पावले भरली. म्हणजे हातात ६०० ची लेन्स असताना आमचे पाय बरोबर ३०० च्या जागी जाऊन उभे राहिले होते!

ती रात्र वाईट गेली. टिटवीच्या वेळी निदान 'लेन्स लहान होती' असे म्हणता येत होते. आता तेही राहिले नाही. वाटेत भेटलेल्या एका अनुभवी छायाचित्रकाराला आम्ही ही हकीकत सांगितली, तर तो हसून म्हणाला, "सगळ्यांचे असेच होते. ६०० आली की एफ/४ ची हवीशी वाटते." ६०० भागिले ४ म्हणजे १५० मिलिमीटरची काच, तिची किंमत लहानशा मोटारगाडीच्याही पुढे जाते. भूक भिंगाबरोबर वाढत असेल, तर भिंग घेऊन ती शमणार नाही हे उघड आहे. पण मग लेन्स घेऊच नये काय? तसेही आम्हांला म्हणवत नाही. लांबून पाहण्याचे साधन ते लांबून पाहण्याचेच साधन आहे. ज्याला थांबता येते त्याच्या हाती ते पाखरांच्या भल्याचेच ठरेल. आम्हांला थांबता येते की नाही, एवढेच कळायचे होते.

तेव्हा आम्ही असे ठरवले. टिटवीचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. या एका हंगामात जुनीच लेन्स वापरायची, आणि घरट्यापासून चाळीस मीटरच्या आत पाऊल टाकायचे नाही. फोटोत ठिपका आला तर ठिपका. हंगाम संपल्यावर, ज्याला पैसे घालता येत नाहीत अशा एका मित्रासह ती लेन्स सामाईक म्हणून घ्यायची. मंडळीची लग्नाची मोठी पातेली नाहीत का वर्षानुवर्षे साऱ्यांची मिळून चालली! पण हंगामात आम्ही एकदा जरी आत गेलो, तर लेन्स घ्यायची नाही. सौ.ना हा करार थोडा पोरकट वाटला. त्या म्हणाल्या, "पावले कोण मोजणार?" आम्हीच मोजणार, आणि तुला खरे सांगणार, असे आम्ही म्हटले.

हे लिहीत असताना जुलै लागला आहे. माळावर दोन घरटी सापडली. एकावर टिटवी भर दुपारी पंख किंचित पसरून उभी होती, तिच्या सावलीत अंडी होती, आणि ती ओरडली नाही. आमच्याकडे तिचे चार फोटो आहेत. सौ.ना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि विचारले, "यात टिटवी कुठे आहे?" आम्ही बोट ठेवून दाखवली. दुकानदाराचा दोनदा फोन येऊन गेला. त्याला सप्टेंबरात बोलू म्हणून सांगितले आहे.