मधलं रान

कृष्णेच्या काठी, सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो त्या भागातल्या एका गावात तिघांची रानं एकाच चारीवर होती. वर आप्पांचा ऊस, मध्ये तात्यांची हळद, खाली आक्कांचा भाजीपाला. कोणाची पाळी कधी आणि किती तास, हे पाणीपुरवठा संस्थेच्या वहीत लिहिलेलं असे. मध्यरात्री पाळी आली तरी कोणी कुरकुरत नसे. आज वरच्यानं जास्त पाणी घेतलं, की खालचं रान वाळणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

एका वर्षी तात्यांकडं एजंट आला. "गुंठेवारीनं प्लॉट पाडू, मुरूम टाकू, पैसे रोख." तात्यांची मुलगी दवाखान्यात होती, डोक्यावर कर्ज होतं. त्यांनी होकार दिला. आठ दिवसांत हळदीच्या रानात खुंट्या उभ्या राहिल्या आणि चारी मुरमाखाली गेली.

आक्कांचा दोडका सुकू लागला, तेव्हा त्या आप्पांना घेऊन नगररचना कार्यालयात गेल्या. प्रादेशिक योजनेच्या नकाशात तो सगळा पट्टा शेती विभागात होता. ही योजना 1966 च्या नगररचना कायद्याखाली होते. शेती विभागात शेतकऱ्याला घर, गोठा बांधता येतो, प्लॉट पाडून वसाहत सहसा करता येत नाही. विभाग बदलायचा झाला तर शासनाला जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. शिवाय एकेक गुंठ्याच्या तुकड्यांना 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा येत होताच. दोघांनी अर्ज दिला. खुंट्या निघाल्या, चारी मोकळी झाली.

दवाखान्याचं बिल मात्र तसंच राहिलं.

संस्थेच्या बैठकीत तात्या उभे राहिले. "माझं रान शेतीतच राहिलं म्हणून खालचं पाणी वाचलं. फायदा दुसऱ्यांचा, तोटा माझ्या एकट्याचा. हा कुठला न्याय?"

कोणी बोलेना. तात्यांचं म्हणणं खरं होतं, आणि शेतजमीन वाचवा म्हणणाऱ्या प्रत्येकानं ते आधी ऐकायला हवं.

शेवटी म्हातारे पाटकरी बोलले. "ही नदी महाबळेश्वरात उगवती. महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख 2001 साली केंद्रानं पर्यावरण संवेदनशील ठरवला, म्हणून तिथल्या बांधकामाला काही तरी लगाम राहिला. खाली सांगलीत निळ्या पूररेषेच्या आत, पुराच्या वाटेतच घरं झाली. 2005 ला, 2019 ला, परत 2021 ला पाणी आलं, ते त्याच घरांत शिरलं. म्हणून नियम पाहिजेच. पण नियम रान राखतो, रान कसणाऱ्याला राखत न्हाई. ते शेजाऱ्यानं करायचं. रात्रीची पाळी आपण वाटून घेतो ना? मग तात्याचं ओझंबी वाटून घ्या."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तात्यांचं निम्मं रान तीन वर्षांच्या खंडानं घेतलं आणि खंडाची सगळी रक्कम आधीच दिली. आक्कांनी मुदत न घालता बिनव्याजी पैसे दिले, "हळद विकली की बघू," एवढंच म्हणाल्या. संस्थेनं त्या वर्षाची तात्यांची पाणीपट्टी पुढं ढकलली. कर्ज एका दमात फिटलं नाही, पण रान विकायची वेळ टळली. मुलगी घरी आली.

काही वर्षांनी तो पट्टा शेतीतून रहिवास विभागात घेण्याची सूचना निघाली. गावातून पहिली लेखी हरकत तात्यांची गेली. अर्जात त्यांनी चारी कुठून कुठं जाते, तिच्यावर किती रान भिजतं आणि मधलं एक रान गेलं तर खाली कोणाकोणाचं पाणी तुटेल, ते नावानिशी लिहिलं. सही करून त्यांनी तो कागद आप्पांपुढं ठेवला. मग आक्कांपुढं.